डुंगू नदीवरचा बांध



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. ते आम्हांला इतिहास शिकवीत. वर्षातून एकदा, बहुधा होळीच्या सुमारास, ते सगळ्या वर्गाला वैनगंगेच्या काठी घेऊन जात. उन्हाळा लागला की आपली नदी आटते आणि पावसाळ्यात जे खडक दिसतही नाहीत ते पाठ वर काढून बसलेले असतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तेथे उभे राहून गुरुजी पुलाकडे बोट दाखवीत आणि विचारीत की हा बांधला कोणी. आम्ही पाठ केल्याप्रमाणे सांगत असू, इंग्रज सरकारने. गुरुजी मान हलवीत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारीत. त्या वयात आम्हांला वाटे, आपले उत्तर चुकले. ते चुकले नव्हते, अपुरे होते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

आज मी आपल्याला एका परक्या नदीची गोष्ट सांगणार आहे. बालाघाटच्या शाळेत आफ्रिकेतील नदीची कथा कशासाठी, असे कोणाला वाटेल. तथापि गुरुजींचा तो जुना प्रश्न मला जेथे सर्वांत स्पष्ट ऐकू आला ते ठिकाण हेच. शिवाय ही गोष्ट जितकी दूरची वाटते तितकी ती दूरची नाही.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात दूरच्या प्रवासासाठी धावपट्ट्या थोड्या होत्या. पाणी मात्र सर्वत्र होते. त्यामुळे पाण्यावर उतरणारी आणि पाण्यावरूनच उड्डाण करणारी विमाने बांधण्याकडे इंग्लंडचे लक्ष वळले. जलविमाने दोन जातींची असतात. एका जातीत नेहमीच्या विमानाला चाकांच्या जागी तरंड लावलेले असतात. दुसऱ्या जातीत विमानाचे धडच होडीसारखे बांधलेले असते. या दुसऱ्या जातीला आपण उडती नौका म्हणू. शॉर्ट बंधूंच्या कारखान्याने इंपीरियल एअरवेज या कंपनीसाठी 'एम्पायर' नावाच्या उडत्या नौका बांधल्या. त्यांतील पहिली, 'कॅनोपस', जुलै १९३६ मध्ये आकाशात गेली. पंखांचा विस्तार ११४ फूट, लांबी ८८ फूट, इंजिने चार आणि सामानासह वजन सुमारे अठरा टन! साऱ्या नौकांची नावे इंग्रजी 'सी' या अक्षराने सुरू होणारी होती. आपल्या गोष्टीतील नौकेचे नाव 'कॉर्सेअर', म्हणजे सागरी लुटारू.

या नौकांचे मुख्य काम माणसे नेणे हे नव्हते, टपाल नेणे हे होते. साम्राज्यातील पत्रे जादा शुल्क न आकारता विमानाने न्यायची, अशी योजना १९३७ च्या जूनअखेर आफ्रिकेच्या मार्गावर आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हिंदुस्थानच्या मार्गावर सुरू झाली. इंग्लंडातून अर्ध्या औंसाचे पत्र दीड पेनीत जाऊ लागले. हिंदुस्थानातील या नौकांचे थांबे मोठे मौजेचे आहेत. कराचीहून निघाल्यावर मेवाडातील राजसमंद, मग ग्वाल्हेर, मग अलाहाबाद आणि मग कलकत्त्याची हुगळी नदी. म्हणजे आजच्या आपल्या मध्य प्रदेशात, शिंदे सरकारांच्या ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर, या नौका उतरत असत.

राजसमंद या थांब्यापाशी क्षणभर थांबू. हे सरोवर महाराणा राजसिंहाने सतराव्या शतकात बांधविले. दुष्काळात रयतेला काम मिळावे हाही त्यामागचा हेतू होता. त्याच्या काठावर पंचवीस शिलांवर 'राजप्रशस्ति' हे संस्कृत काव्य कोरलेले आहे. त्यात मेवाडच्या राजवंशाची कथा आहे. दुष्काळात पोटासाठी माती वाहणाऱ्या माणसांनी जो बांध उभारला, त्याने अडविलेल्या पाण्यावर अडीचशेहून अधिक वर्षांनी लंडनची टपालनौका उतरू लागली. इतिहास अशा गाठी मारून ठेवतो आणि आपण त्यांच्यावरून पुढे जातो.

आता मूळ घटनेकडे वळू. १४ मार्च १९३९ रोजी 'कॉर्सेअर' दक्षिण आफ्रिकेतील डर्बनहून इंग्लंडकडे परतीच्या वाटेवर होती. व्हिक्टोरिया सरोवरावरून निघून उत्तरेला सुदानातील जुबा येथे नाईल नदीवर उतरायचे, हा त्या दिवसाचा टप्पा. कप्तान होता अल्कॉक. हे आडनाव आपल्यापैकी काहींना परिचित असेल. १९१९ च्या जूनमध्ये ब्राउन या सहकाऱ्यासह अटलांटिक महासागर न थांबता ओलांडणारा पहिला वैमानिक सर जॉन अल्कॉक. त्याचा हा भाऊ. सर जॉन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विमान अपघातात वारला होता.

त्या काळी आकाशात दिशा ठरविण्यासाठी रेडिओचा उपयोग करीत. जमिनीवरील केंद्राकडून आलेल्या लहरी कोणत्या बाजूने येतात हे यंत्र सांगे आणि वैमानिक त्या रोखाने जाई. 'कॉर्सेअर'चे हे यंत्र सदोष होते. ते चुकीची दिशा दाखवीत होते. खाली ढग आणि धूसर रान, ओळखीची खूण नाही. ज्यावर विश्वास ठेवायचा तेच साधन खोटे बोलत असल्यावर माणूस जितका नेटाने जाईल तितका वाटेपासून दूर जाईल. तसेच झाले. जुबाच्या नैर्ऋत्येला सुमारे दीडशे मैलांवर, बेल्जियन काँगोच्या ईशान्य कोपऱ्यातील रानावर नौका भरकटली आणि इंधन संपत आले. खाली एक अरुंद नदी दिसली. ती डुंगू. अल्कॉकने नौका तिच्या पात्रात उतरविली. उतरणे कौशल्याचे होते. परंतु पाण्यावरून धावताना नौकेचे तळ एका बुडालेल्या खडकावर आपटले आणि फाटले. कप्तानाने नौका तशीच काठच्या चिखलात घुसविली. त्यामुळे ती बुडाली नाही आणि आतील सर्वजण वाचले. जवळचे वस्तीचे गाव होते फाराजे.

येथे काळाचा विचार करणे उपयोगाचे आहे. त्या प्रदेशात डिसेंबरपासून मार्चपर्यंत फारसा पाऊस नसतो. मार्चचा मध्य म्हणजे नदी सर्वांत रोडावलेली असण्याचा काळ. पाणी उथळ, खडक पृष्ठभागाखाली वितभर. होळीच्या सुमारास आपली वैनगंगा जशी असते तशी. त्या रानातील कोणत्याही कोळ्याला त्या खडकाची जागा ठाऊक असणार. आकाशातून येणाऱ्याला ती कशी ठाऊक असावी?

प्रवासी रस्त्याने जुबाकडे रवाना झाले. नौका मात्र तेथेच राहिली आणि तिच्या सुटकेची कथा अपघाताहून मोठी ठरली. इंग्लंडहून कारागीर आले. पहिल्याने नौका पाण्याबाहेर काढली, तळ सांधला, इंजिने तपासली. त्यात महिने गेले. जुलै १९३९ मध्ये अल्कॉकने ती पुन्हा उडविण्याचा प्रयत्न केला. उडत्या नौकेला हवेत जाण्यासाठी केवळ पाणी पुरत नाही. खोल, लांब आणि सरळ पाणी लागते. तिचे तळ प्रथम पाण्यात रुतलेले असते. वेग वाढला की ती पाण्याच्या पाठीवर चढते आणि मगच सुटते. डुंगूच्या वळणावळणाच्या पात्रात इतकी मोकळीक नव्हती. नौका पुन्हा खडकावर आपटली, पुन्हा फाटली, पुन्हा बुडाली.

कोणीही या टप्प्यावर नाद सोडला असता. परंतु सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि अशी प्रत्येक नौका मोलाची झाली. शिवाय त्या एका वर्षात कंपनीला इतर अपघातही सोसावे लागले होते. 'सेंच्युरियन' ही नौका १२ जून १९३९ रोजी कलकत्त्याला हुगळीत उतरताना बुडाली होती. म्हणून दुसरी तुकडी पाठविण्यात आली आणि कप्तान केली-रॉजर्स या आयरिश वैमानिकाकडे कामगिरी आली. या वेळी युक्ती वेगळी होती. नौकेला पुरेल अशी नदी नसेल तर नदीलाच बांध घालायचा, पाणी फुगवायचे आणि तळे तयार करायचे! रानातून रस्ता काढण्यात आला. नदीवर बांध पडला. काम करणाऱ्यांची वस्ती वसली आणि तिला 'कॉर्सेअरव्हिल' असे नाव मिळाले. पाणी चढले, खडक खाली गेले. ६ जानेवारी १९४० रोजी केली-रॉजर्सने नौका त्या तळ्यावरून उचलली आणि जुब्याला नेली. अपघातापासून जवळजवळ दहा महिने झाले होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. 'कॉर्सेअर' युद्धकाळात काम करीत राहिली आणि १९४७ मध्ये मोडीत निघाली. केली-रॉजर्सने जानेवारी १९४२ मध्ये बर्म्युडाहून इंग्लंडपर्यंत खुद्द चर्चिलना नेले. युद्धात जगभर धावपट्ट्या झाल्या आणि उडत्या नौकांचे दिवस संपले. आपल्या शेजारी, गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी त्याच महायुद्धातील आहे. एम्पायर जातीची एकही नौका आज जगात शिल्लक नाही. २००० साली ग्रॅहम कॉस्टर या इंग्रज लेखकाने या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच 'कॉर्सेअरव्हिल' आहे.

इतके ऐकल्यावर कोणाच्याही मनात कौतुक दाटून येईल. माझ्याही आले. संकटात डोके शांत ठेवणारा कप्तान, हार न मानणारे कारागीर, नदीलाच आपल्या मापाची करणारी बुद्धी, ही सारी मानवी कर्तबगारीच आहे. तिला उणेपणा आणणे हा माझा हेतू नाही. पण वाचता वाचता मला गुरुजींचा हात त्या पुलाकडे वळलेला दिसला आणि प्रश्न ऐकू आला. हा बांधला कोणी?

प्रचलित वृत्तांतांत याचे उत्तर दोन शब्दांत येते : 'स्थानिक मजूर'. कप्तानाचे नाव आहे, त्याच्या भावाचे आहे, विमानाचे आहे, विमानाच्या नावावरून पडलेल्या वस्तीचेही आहे. ज्यांनी झाडे तोडली, दगड वाहिले, छातीइतक्या पाण्यात उभे राहून बांध घातला, त्यांचे एकही नाव नाही. ज्या लुटारूच्या नावाची नौका वाचली, त्याचेच नाव वाचविणाऱ्यांच्या गावाला पडले.

हे लोक कोणत्या राज्यव्यवस्थेत राहत होते, हेही ध्यानी घेतले पाहिजे. काँगो हा १८८५ पासून १९०८ पर्यंत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खासगी जहागीर होता. रबरासाठी तेथे जे अत्याचार झाले त्यांचा गवगवा युरोपभर झाला, तेव्हा बेल्जियमच्या सरकारने तो मुलूख आपल्या ताब्यात घेतला. तरी सक्ती संपली नाही. १९१७ पासून कापसासारख्या पिकांची लागवड कायद्याने लादली गेली. अशा व्यवस्थेत 'मजूर मिळाले' हे वाक्य जपून वाचावे लागते. आपल्या भाषेत यासाठी शब्द आहे, वेठ. संस्कृत 'विष्टि' या शब्दापासून तो आला. ज्या शब्दाला इतकी जुनी वंशावळ आहे, तो अनुभवही तितकाच जुना असला पाहिजे. डुंगूकाठी काम करणाऱ्या कोणाला त्या दहा महिन्यांत चार पैसे मिळाले असतील, कोणाला त्या अजस्र पक्ष्याचे नवल वाटले असेल, कोणी नाइलाजाने आला असेल. माणसे नेहमीच अनेक कारणांनी कामावर येतात. 'स्थानिक मजूर' हा शब्द ही सारी कारणे एका पोत्यात भरून टाकतो.

काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला. मात्र फाराजेच्या नशिबी शांतता आली नाही. २००८ सालच्या नाताळात युगांडाच्या एका बंडखोर टोळीने त्या गावावर हल्ला करून शंभराहून अधिक माणसांची कत्तल केली. ज्या गावाचे नाव जगाने एका विमानामुळे ऐकले होते, ते दुसऱ्यांदा ऐकले ते असे. त्या मृतांत बांध घालणाऱ्यांची नातवंडे असणे अगदी शक्य आहे. विमानाचा सांगाडा वाचविण्यासाठी दोनदा तुकड्या पाठविणारे जग माणसांसाठी त्या रानात किती तत्परतेने पोहोचते, याचा विचार आपण प्रत्येकाने घरी जाऊन करावा.

परक्यांकडे बोट दाखविणे सोपे असते. म्हणून आता मी माझ्याकडे वळतो.

माझ्या पीएच. डी.चा विषय वैनगंगेच्या खोऱ्यातील लोकगीते हा होता. त्यासाठी मी या जिल्ह्यातील गावे पायी आणि सायकलवर हिंडलो. भोसल्यांच्या राज्यातला हा जुना मुलूख. येथे मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी एकाच अंगणात नांदतात. बायकांनी मला जात्यावरच्या ओव्या सांगितल्या. एका म्हाताऱ्या आजींनी तर तीन दुपारी दळण बाजूला ठेवून शेकडो ओव्या सांगितल्या. त्यांत नदी होती, माहेर होते, आणि खाणीवर गेलेला भाऊ होता. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत त्यांचा भाऊ कामाला होता. निघताना आजींनी मला भाकरी बांधून दिली आणि विचारले, "बाबू, हे लिहिलेले लोक वाचतील का?" मी म्हणालो, "वाचतील."

प्रबंध छापला गेला. त्यात त्या ओव्या आहेत. प्रत्येकीखाली मी प्रामाणिकपणे नोंद केली आहे : 'सांगणारी : एक वृद्ध स्त्री, जिल्हा बालाघाट'. परीक्षकांनी संकलनाची वाखाणणी केली. त्या पानावर माझे नाव आहे, मार्गदर्शकांचे आहे, टंकलेखकाचेही आभारात आहे. आजींचे नाव नाही. मी ते लपविले नव्हते. मी ते विचारलेच नव्हते. तीन दुपार त्या माउलीसमोर बसून तिला 'आजी' म्हणत राहिलो आणि पुरे झाले असे समजलो. पुढे नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी त्या गावी गेलो. घर पडले होते, जागा विकली गेली होती. ज्यांना विचारले त्यांनीही त्यांना आजीच म्हटले.

डुंगूच्या वृत्तांतात 'स्थानिक मजूर' हे शब्द वाचले तेव्हा मला इंग्रजांचा राग यायला हवा होता. आला तो माझा स्वतःचा. त्या वृत्तांतकारांना निदान भाषा परकी होती. मला ती परकी नव्हती.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या जिल्ह्यात ढुटीचा बंधारा आहे. त्याच्या कालव्यांच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ आपल्यापैकी अनेकांच्या घरी शिजतो. सातपुड्यातून जाणारी अरुंद मापाची रेल्वे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात झाली. आता तिच्या जागी रुंद मार्ग आहे. भरवेलीची खाण आहे, मलाजखंडची तांब्याची खाण आहे. या साऱ्यांच्या इतिहासात अभियंते आहेत, अधिकारी आहेत, कंपन्या आहेत. माती वाहणारे आपल्याच घरांत होते. त्यांतील काहींची मुले अजून हयात आहेत, काठी टेकत ओसरीवर बसलेली असतात आणि कोणी विचारील याची वाट न पाहण्याची त्यांना सवय झालेली असते.

मार्च २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, लांजी-किरनापूरकडील डोंगराळ रानात एक प्रशिक्षण विमान कोसळून त्यातील दोघांचाही मृत्यू झाला. ती बातमी वाचताना डुंगू मला एकदम जवळची वाटली. जगातील कोणतेही रान असे दूर नसते की जेथे मोठ्या जगाची वाट चुकून पोहोचत नाही. ती पोहोचते तेव्हा तेथे आधीपासून राहणारी माणसे असतात, आणि खडक कोठे आहेत हे त्यांना ठाऊक असते.

या शाळेला माझी एक विनंती आहे. इतिहासाच्या तासाला एक साधी वही ठेवावी. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा गल्लीतील एका वृद्ध माणसाला विचारावे : आपण कोणत्या कामावर होता, काय बांधले, काय खणले, सोबत कोण होते. उत्तर दोन ओळींचे असले तरी चालेल. परंतु पहिल्या ओळीत पूर्ण नाव असावे. स्त्री असेल तर तिचे स्वतःचे नाव असावे, अमक्याची आई असे नको. पाच-पन्नास वर्षांनी ही वही एखाद्या संशोधकाच्या हाती पडेल आणि माझ्या प्रबंधातील 'एक वृद्ध स्त्री' हे शब्द लिहिण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.

डुंगूवरचा बांध ज्यांनी घातला त्यांना आज नावाने हाक मारता येत नाही. माझ्या आजींनाही मारता येत नाही. गुरुजींचा प्रश्न मात्र अजून नदीकाठी उभा आहे आणि त्याचे उत्तर देण्याइतकी माणसे आपल्या गावात आजही आहेत. ती आहेत तोवर जाऊन विचारा.